खोळ, पाल आणि पिशव्या: सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी हलकं सामान घरी कसं शिवायचं

रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, तिथून पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. हा तीन दिवसांचा ट्रेक मी पहिल्यांदा केला तेव्हा माझ्या पाठीवर साडेचौदा किलो वजन होतं. सप्टेंबर संपत आला होता. कुमशेतच्या अलीकडे पावसाची सणसणीत सर आली आणि आम्ही चौघं वाटेवरच सॅका उघडून रेनकोट शोधायला लागलो. शेजारच्या खाचरात एक मावशी काम करत होत्या. त्यांनी बांधावरची रिकामी गोणी उचलली, तळाचा एक कोपरा आत ढकलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवला, झालेली टोपी डोक्यावर घेतली आणि पुन्हा वाकून कामाला लागल्या. दहा सेकंदही गेले नसतील. आमचे रेनकोट बाहेर निघाले तोवर सर ओसरली होती.

पोत्याची ती खोळ माझ्या डोक्यातून गेली नाही. आपल्याकडे बांबू आणि पानांची इरली होती, घोंगडीची खोळ होती. डोंगरात राबणाऱ्या माणसांनी हाताशी असलेल्या वस्तूतून, लागेल तेवढंच आणि उचलवेल इतकंच बनवलं. तिकडे अमेरिकेत एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजी १९५५ साली अपालाचियन ट्रेल हा साधारण ३३०० किलोमीटरचा डोंगररस्ता एकट्या चालल्या. खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, एवढंच त्यांचं मुख्य सामान. तंबू नव्हता, स्लीपिंग बॅगही नव्हती. आज हलक्या भटकंतीचा विषय निघाला की जगभरात त्यांचं नाव पहिलं घेतात.

या लेखात मी तीन गोष्टी शिवायला सांगणार आहे: एक पिशवी, एक खोळ आणि एक पाल, म्हणजे तंबूऐवजी ताणून बांधायचं छत. याच क्रमाने शिवा, कारण प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूचा सराव आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. हार्नेस, स्लिंग, दोराला जोडायची कुठलीही वस्तू घरी शिवायची नाही. अलंग-मदन-कुलंगसारख्या किल्ल्यांच्या कातळावर ज्या सामानावर माणूस लटकतो ते प्रमाणित, विकतचंच हवं. शिवण उसवली तर फार तर रात्रभर भिजायला होईल, अशाच वस्तू घरच्या यंत्रावर करायच्या.

आधी काटा, मग कात्री

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या आणि सॅकमधली एकेक वस्तू त्यावर ठेवा. सगळं वहीत लिहा, अगदी टॉर्चचे सुटे सेलसुद्धा. मी हे केलं तेव्हा तंबू २ किलो ४०० ग्रॅम भरला, ते अपेक्षितच होतं. धक्का बसला तो पिशव्यांचा. कपड्यांची पिशवी, भांड्यांची पिशवी, औषधांचा जाड रेक्झिनचा डबा, स्लीपिंग बॅगचं कव्हर आणि सॅकवरचं रेनकव्हर हे सगळं मिळून ७४० ग्रॅम झालं. म्हणजे पाऊण किलो नुसती वेष्टनं!

हा हिशोब हौसेसाठी नाही. फेब्रुवारी उलटला की सह्याद्रीतली टाकी आटायला लागतात, झरे तळाशी जातात, आणि वरच्या पठारावर पाणी मिळेलच याची खात्री राहत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात काटछाट करता येत नाही. ओझं जिथे कमी होऊ शकतं ते कापडात, आणि तिथे वाचलेला प्रत्येक किलो पाण्याच्या बाटलीच्या रूपाने पाठीवर परत यायला हवा. हे मनात असलं की कुठे काटकसर करायची आणि कुठे नाही ते आपोआप ठरतं.

कापड

दुकानात जाऊन 'पॅराशूट कापड' मागा, या नावाने ते सगळीकडे ओळखलं जातं. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत मंगलदास मार्केट आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, अशा ठिकाणी दोन-चार दुकानं फिरलात की नायलॉन आणि पॉलिएस्टरचे बरेच प्रकार पाहायला मिळतील. मात्र पॅराशूट कापड या एका नावाखाली काहीही खपतं, त्यामुळे परीक्षा आपणच घ्यायची.

पहिली परीक्षा विणीची. कापड उजेडासमोर धरा. पाच-सहा मिलिमीटरच्या बारीक चौकटी दिसल्या तर ते रिपस्टॉप. चौकटीच्या रेषेवर जाड धागा असतो, त्यामुळे फाटलेलं पुढे धावत नाही. दुसरी परीक्षा वजनाची. बहुतेक कापडांचा पन्हा दीड मीटरच्या आसपास असतो. दुकानदाराला एक मीटर कापून काट्यावर ठेवायला सांगा. ७५ ग्रॅम भरलं तर चौरस मीटरला ५० ग्रॅम पडले, आणि पालीसाठी हे उत्तम. १०५ च्या वर गेलं तर सोडून द्या. कोणी डेनियर सांगितलं तर लक्षात ठेवा, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आपल्याला ३० ते ४० डेनियर हवं.

तिसरी परीक्षा घरी. तुकडा ओठांना लावून जोरात फुंकर मारा. हवा आरपार गेली तर त्यावर पाणी अडवणारा लेप नाही. मग तोच तुकडा वाटीवर सैल बसवा, मधल्या खळग्यात अर्धा पेला पाणी ओता आणि अर्धा तास ठेवा. खाली थेंब जमले तर ते कापड पिशव्यांना चालेल, पालीला नाही. म्हणून पहिल्या फेरीत एकच मीटर घ्या, परीक्षा करा आणि मग बाकीचं आणा. मी पहिल्यांदा एकदम आठ मीटर घेऊन आलो. त्या कापडाच्या आजही घरात भाजीच्या पिशव्या आहेत.

नायलॉन की पॉलिएस्टर? नायलॉन ताकदीला सरस, पण ओलं झालं की सैल पडतं, रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर तेवढं सैलावत नाही. दोन्हींपैकी चांगल्या लेपाचं जे मिळेल ते घ्या. लेप खराब असेल तर धागा कितीही चांगला असून उपयोग नाही.

आपल्या तिन्ही वस्तूंना मिळून नऊ मीटर कापड पुरतं: पालीला साडेपाच, खोळीला दोन मीटर वीस सेंटिमीटर, आणि उरलेल्यात पिशव्या आणि ठिगळं. याशिवाय १५ ते २० मिलिमीटर रुंदीची नायलॉनची पट्टी दीड मीटर, दोन-तीन मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी वीस मीटर, आणि पॉलिएस्टरचा दोरा. सुती दोरा वापरू नका, तो ओलाव्यात कुजतो.

यंत्र, सुई आणि टीप

घरातलं साधं पायाचं किंवा हाताचं शिलाई यंत्र पुरेसं आहे. मी आईच्या चाळीस वर्षं जुन्या यंत्रावर सगळं शिवलं. झिगझॅग टीप नसली तरी अडत नाही.

सुई मात्र नवीन हवी, आणि बारीक: ११ नंबरची. घरात बहुधा १४ किंवा १६ नंबरची लावलेली असते. तिने या कापडाला मोठी भोकं पडतात आणि तिथून पाणी झिरपतं. टाक्याची लांबी तीन मिलिमीटरच्या जवळपास ठेवा. टाके फार दाट पडले तर वहीच्या छिद्रांच्या कागदासारखं कापड त्या रेषेवर फाटतं. टाचण्या टोचायच्याच असतील तर शिवणीत दडेल अशा भागातच टोचा, नाहीतर कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावा.

हे कापड निसरडं असतं, यंत्राखाली वरचा थर पुढे आणि खालचा मागे सरकतो. एक हात सुईच्या पुढे आणि एक मागे ठेवून कापड हलकं ताणून धरायचं, ओढायचं नाही. पहिले दहा-पंधरा मिनिटं वैताग येईल. एक फूटभर चिंधीवर वीस सरळ टिपा मारा, हात बसतो.

पहिली वस्तू: पिशवी

३२ सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर लांब तुकडा कापा. लेपाची बाजू बाहेर ठेवून मधोमध घडी घाला, म्हणजे ३२ बाय ४० ची पिशवी दिसेल. दोन्ही बाजूंना कडेपासून एक सेंटिमीटर आत टीप मारा. एका बाजूला मात्र वरचे सहा सेंटिमीटर मोकळे सोडा, तिथून नाडी बाहेर येईल. टिपेच्या दोन्ही टोकांना यंत्र दोन-तीन टाके उलटं चालवून घ्या.

मोकळ्या सोडलेल्या भागाच्या दोन्ही कडा आत दुमडून टीप मारा. आता वरची कड आधी अर्धा सेंटिमीटर आणि मग अडीच सेंटिमीटर दुमडून गोल टीप मारली की नेफा तयार.

तळ चौकोनी केला तर पिशवी उभी राहते आणि सॅकमध्ये नीट बसते. त्यासाठी पिशवी उलटीच ठेवून तळाचा कोपरा असा चपटा करा की बाजूची शिवण बरोबर तळाच्या घडीवर येईल. त्रिकोण दिसेल. टोकापासून आत, जिथे त्रिकोणाची रुंदी दहा सेंटिमीटर भरते तिथे आडवी टीप मारा आणि पुढचं टोक कापून टाका. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसंच. पिशवी सुलटी करा आणि सेफ्टी पिनने नाडी ओवा. साधारण सहा लिटरची पिशवी झाली, वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास. अशा तीन शिवा. तिसरी शिवताना टीप सरळ येऊ लागलेली असेल.

रेनकव्हरऐवजी सॅकच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, ५० मायक्रॉनची, साधारण ६० बाय १०० सेंटिमीटरची. वजन ५५ ग्रॅम. बाहेरचं कव्हर वाऱ्याने उडतं, करवंदीच्या जाळीत फाटतं, आणि पाठीकडून पाणी आत येतंच. आतल्या पिशवीचं तोंड पिळून दुमडलं की सॅक ओढ्यात बुडाली तरी झोपायचे कपडे कोरडे राहतात. खताच्या गोणीतली पिशवी वापरू नका, नवीन घ्या.

दुसरी वस्तू: खोळ

कुमशेतच्या मावशींच्या गोणीतून आणि घोंगडीच्या खोळीतून हा बेत सुचला. २२० सेंटिमीटर लांब तुकडा घ्या, रुंदी पन्ह्याइतकी, म्हणजे १५०. लांबीच्या मधोमध घडी घाला. आता ११० बाय १५० चा दुहेरी तुकडा झाला, त्याची १५० ची एक बाजू घडीची. ही घडी पाठीवर उभी उतरणार आहे.

घडीच्या वरच्या कोपऱ्यापासून वरच्या कडेवर फक्त ३५ सेंटिमीटर शिवा. तेवढ्या भागात डोकं बसतं. पुढची कड मोकळी राहते आणि दोन्ही खांद्यांवरून छातीवर उतरते. सगळ्या मोकळ्या कडा एक-एक सेंटिमीटर दोनदा दुमडून टीप मारून घ्या. ३५ सेंटिमीटरची शिवण संपते तिथे ताण येतो, म्हणून तिथे आतून तळहाताएवढं दुहेरी ठिगळ लावा. हनुवटीखाली आणि छातीपाशी बांधायला दोन-दोन नाड्या शिवा. वाऱ्याला कमरेभोवती एक दोरी पुरते.

वजन १७० ग्रॅमच्या आसपास. सॅक पाठीवर असतानाच वरून घेता येते, सॅकही झाकली जाते, आणि पुढून मोकळी असल्याने बंद रेनकोटात होते तशी घामाची आंघोळ होत नाही. एक उणीव सांगायला हवी. दोन्ही हात वापरून चढायचा कातळटप्पा असेल तर खोळ काढून ठेवा. पायाखाली येते आणि पाय कुठे ठेवतोय ते दिसत नाही.

तिसरी वस्तू: पाल

धनगर, ऊसतोड कामगार, जत्रेतले विक्रेते जी पाल ठोकतात तीच ही: एक आयताकृती छत, दोन बाजूंनी उतरतं. दोन माणसं आणि त्यांच्या सॅका आरामात मावतात.

पावणेतीन मीटरचे दोन तुकडे कापा. पन्ह्याच्या दोन्ही बाजूंची जी जाडसर किनार असते ती मात्र कापू नका. ती ताणली जात नाही, म्हणून कण्यावर तीच घ्यायची. दोन्ही तुकडे लांबीच्या बाजूने जोडायचे, हा जोड म्हणजे पालीचा कणा. सगळा ताण आणि सगळं पाणी इथून जातं, म्हणून साधी शिवण चालणार नाही. जीन्सच्या पायाला आतून असते तशी, कडा एकमेकींत अडकवलेली शिवण घालायची.

दोन्ही तुकड्यांच्या बाहेरच्या बाजू समोरासमोर येतील असे ते एकमेकांवर ठेवा. खालचा तुकडा वरच्यापेक्षा एक सेंटिमीटर बाहेर काढा. वरच्याच्या कडेपासून एक सेंटिमीटर आत पूर्ण लांबीची टीप मारा. मग खालच्या तुकड्याची बाहेर आलेली एक सेंटिमीटरची पट्टी वरच्या कडेवरून दुमडा, कड झाकली जाईल. आता दोन्ही तुकडे उघडून जमिनीवर पसरा, ही दुमड एका बाजूला सपाट दाबून बसवा आणि तिच्या मोकळ्या घडीलगत दुसरी टीप मारा. उलटसुलट कुठूनच कापडाची उघडी कड दिसत नसेल तर जमलं. पावणेतीन मीटर लांब टीप एका दमात मारायची असते आणि ढीगभर कापड टेबलावरून घसरत राहतं, म्हणून घरातल्या कोणाला तरी समोर बसवून कापड हातात धरायला सांगा. माझ्या वेळी आई बसली होती. "तू यंत्र हळू चालव, मी धरते," एवढंच ती दर दोन मिनिटांनी म्हणायची, आणि ते खरंच उपयोगी पडलं.

कडा दुमडण्याआधी ठिगळं लावा, म्हणजे ठिगळांच्या बाहेरच्या कडा दुमडीत सापडतात. चारही कोपऱ्यांना १५-१५ सेंटिमीटर बाजूंचे त्रिकोण, त्याच कापडाचे, दुहेरी. कण्याच्या दोन्ही टोकांना तसेच. कण्याला समांतर असलेल्या दोन लांब कडांवर, कडेचे तीन सारखे भाग पडतील अशा जागी दोन-दोन. अशा एकूण दहा जागा. ठिगळाची आतली कड दुमडून शिवा.

आता चारही कडा एक आणि एक सेंटिमीटर दुमडून टीप मारा. तयार पालीचं माप साधारण २७१ बाय २९३ सेंटिमीटर येतं.

शेवटी पट्टीचे फासे. बारा-बारा सेंटिमीटरचे दहा तुकडे कापा आणि टोकं मेणबत्तीवर हलकेच वितळवून बंद करा. प्रत्येक तुकडा दुहेरी करून त्याची तीन सेंटिमीटर मुळं ठिगळावर शिवा: चौकोन आणि त्यात फुली, तीच टीप दोनदा. कोपऱ्यातला फासा तिरपा, कोपऱ्याच्या टोकाच्या दिशेने बाहेर निघाला पाहिजे, कारण दोरीचा ओढा त्याच दिशेला असतो. कडेला समांतर शिवलात तर सगळा भार एका बाजूच्या दोन-तीन टाक्यांवर येतो.

मी पहिल्या पालीला फाशांऐवजी पितळी रिंगा ठोकल्या होत्या, तेही एकेरी कापडात. दिसायला देखण्या होत्या. कात्राबाईच्या खिंडीखाली मुक्कामाला होतो तेव्हा मध्यरात्रीनंतर वारा फिरला आणि दोनच्या सुमारास कोपऱ्यातली रिंग कापडासकट निघून आली. ठोकताना पडलेल्या भोकाने विणीचे धागेच तुटलेले होते. पालीचा एक भाग फडफडत आमच्या तोंडावर आपटत होता. सोबतच्या मित्राने लिंबाएवढा गोल गोटा शोधला, फाटलेल्या भोकाच्या थोडा आत कापडाखाली धरला, बाहेरून दोरीचे दोन वेढे देऊन गाठ मारली आणि तीच दोरी ताणून बांधली. सकाळपर्यंत ती हलली नाही. शेतकरी ताडपत्रीचा कोपरा फाटला की हेच करतात. तेव्हापासून एकही रिंग नाही आणि खिशात नेहमी दोन गोल खडे.

रात्री दगड शोधायचे असतील तर टॉर्च लावून, आधी काठीने उलटवून मगच हात घाला. सह्याद्रीत आणि कोकणात लाल विंचू दगडाखाली दडलेला असू शकतो आणि त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून असंख्य रुग्ण वाचवले. दंश झालाच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

शिवणी बंद करणं

सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट आणि रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन घ्या. काचेच्या जुन्या बरणीत एक चमचा सीलंट आणि तीन चमचे टर्पेंटाइन घालून काडीने ढवळत राहा. आधी गुठळ्या होतात, पाच-सात मिनिटांत पातळ खिरीसारखं होतं. हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा, जवळ ज्योत नको, हातात मोजे घाला.

पाल उन्हात ताणून बांधा, म्हणजे भोकं उघडतात. अर्ध्या इंची ब्रशने कण्याच्या शिवणीवर बाहेरून लावा आणि फाशांच्या टिपांवरही. जास्तीचं लगेच चिंधीने पुसा, ओघळ राहिले तर चिकट राहतात. चोवीस तास वाळू द्या. मग त्या पट्ट्यावर साधी टाल्कम पावडर चोळा, म्हणजे घडी घातल्यावर कापड कापडाला चिकटत नाही.

एक अडचण येऊ शकते. कापडाच्या एका बाजूला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप असेल तर त्या गुळगुळीत बाजूला सिलिकॉन धरत नाही, पापुद्र्यासारखं निघतं. दुसऱ्या, लेप नसलेल्या बाजूने लावा. आधी एखाद्या उरलेल्या तुकड्यावर लावून, वाळल्यावर नखाने खरवडून पाहा.

अंगणातली रात्र

पाल थेट डोंगरात नेऊ नका. अंगणात, सोसायटीच्या मोकळ्या जागेत किंवा गच्चीवर बांधा आणि बागेच्या पाइपने वीस मिनिटं पाणी मारा. आत बसून टॉर्चने शिवणी पाहा. जिथे थेंब लोंबतोय तिथे खडूने खूण करा, वाळल्यावर पुन्हा सीलंट लावा.

बांधायची रीत साधी. दोन झाडांमध्ये किंवा दोन काठ्यांवर कणा ताणा, पुढची बाजू छातीइतकी उंच, मागची मांडीइतकी, आणि मागची बाजू वाऱ्याकडे. कणा ताठ झाल्याशिवाय कोपरे ओढू नका. प्रत्येक दोरीला सरकगाठ ठेवा, म्हणजे खुंटी न हलवता ताणता येते. वारा वाढला तर काठ्या आणखी खाली घ्या, कडा जमिनीला टेकवा.

खुंट्यांसाठी सायकलच्या दुकानातून टाकाऊ स्पोक आणा. वरचं टोक पकडीने वळवून कडी करा. एकेक सहा-साडेसहा ग्रॅमचा. मुरमाड, कडक जमिनीत चांगला बसतो. खाचराच्या मऊ मातीत मात्र निसटतो, तिथे पडलेल्या फांदीची वीतभर किंवा त्याहून लांब खुंटी तिरकी ठोका. पठारावरच्या उघड्या कातळात काहीच शिरत नाही. दोरी लांब ठेवून मोठ्या दगडाला बांधायची. म्हणून दहापैकी चार दोऱ्या तरी दोन-दोन मीटरच्या हव्यात.

खाली अंथरायला ५० मायक्रॉनचं प्लास्टिक, सव्वा बाय दोन मीटर: ११५ ग्रॅम. पाल, दोऱ्या, आठ स्पोक आणि अंथरूण मिळून पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. माझा जुना तंबू २ किलो ४०० होता.

बाकीचं थोडक्यात

झोपण्यासाठी आईची किंवा आजीची जुनी, मऊ झालेली सुती साडी घ्या. चार मीटर तीस सेंटिमीटर कापून मधोमध घडी घाला, रुंदी नव्वदपर्यंत कमी करा, एक बाजू पूर्ण आणि दुसरी निम्मी शिवा. नोव्हेंबरपर्यंत एवढं पुरतं. थंडीत हेच स्लीपिंग बॅगच्या आत घालायचं, बॅग धुवावी लागत नाही. पाठीखाली दहा मिलिमीटरचा ईपीई (पॉलिथिलीनचा) फोम, खांद्यापासून कमरेखालपर्यंत ११० सेंटिमीटरच. पाय रिकाम्या सॅकवर. तोच फोम गुंडाळी करून सॅकमध्ये उभा घातला आणि त्याच्या आत सामान भरलं तर बिनफ्रेमच्या सॅकलाही आकार येतो.

सॅक शिवायचा मोह लगेच होईल. थांबा. खांद्याचे पट्टे आणि त्यांचे जोड हे अवघड काम आहे, दोन-तीन पाली शिवून हात बसल्यावर घ्या. तोवर जुन्या सॅकचे न लागणारे पट्टे, वरचा जड कप्पा आणि आतली लोखंडी पट्टी काढून टाका. काट्यावर फरक दिसेल.

रिकाम्या कॅनचा स्पिरिट स्टोव्ह करण्याबद्दल अनेकजण विचारतात. मी केला होता, चालतोही चांगला, पण आता नेत नाही. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि डिसेंबरनंतर इथलं गवत ठिणगीची वाट पाहत असतं. रतनगड आणि हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला मनाई आहे. कुमशेतला, पाचनईला आधी सांगितलं की एखाद्या घरी गरम पिठलं-भाकरी मिळते आणि चार पैसे गावात राहतात. मधल्या खाण्याला पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, मीठ: हात ओला करून दडपे पोहे दहा मिनिटांत होतात. सातूचं पीठ आणि गूळ सोबत असला की चूल लागतच नाही.

दुरुस्तीसाठी खोळीच्या नाडीला एक छोटी पुडी बांधून ठेवा: त्याच कापडाचे तळहाताएवढे दोन तुकडे, ११ नंबरची एक आणि जाड एक सुई, पुठ्ठ्यावर गुंडाळलेला पाच मीटर दोरा, आणि ते दोन गोल खडे. गेल्या जानेवारीत त्याच वाटेने गेलो तेव्हा सॅक साडेआठ किलो भरली होती, आणि त्यात चार लिटर पाणी होतं.